विजयाताई, तुमचे सहा बाण

विजयाताई,

तुम्हाला जाऊन आज अकरा दिवस झाले. इथल्या मराठी मंडळींनी मला तुमच्यावर चार शब्द लिहायला सांगितले होते. मी लिहिलेही. मूळच्या कोल्हापूरच्या, चाळीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स, शिस्तीच्या, मायाळू, वगैरे. सगळं खरं होतं आणि वाचताना मलाच जांभई आली. तुम्ही तर म्हणाला असतात, "अवि, पतपेढीच्या अध्यक्षांची माहिती लिहिलीयस का रे ही?" तो कागद टाकून दिला आणि आता सरळ तुम्हालाच लिहितोय.

कारण मला तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहून गेली. जानेवारीच्या शेवटी तुमचे सहा बाण मी 'बघतो जरा' म्हणून घरी नेले आणि आठवड्यानं परत आणून दिले. तेव्हा ते अगदी सरळ जायला लागले होते आणि तुम्ही माझी पाठ थोपटली होती. त्या बाणांमध्ये मी तुम्हाला न सांगता बदल केला होता, ताई. तेव्हा वाटलं, तुमचं मन राखतोय. आता वाटतं, तुमच्यापर्यंत पोचायला हवी होती ती खबर मी मधल्यामध्ये गिळली. जूनपासून रोज ठरवायचो की आज सांगू. तुम्ही होतात तोवर जमलं नाही.

आपली ओळख माझ्या काउंटरवर झाली. मी तेव्हा पुण्याहून इथं परदेशात, पामर्स्टन नॉर्थला, नवा आलो होतो. फार्मसीत गिऱ्हाईक नाही असं बघून पुण्याला आईशी फोनवर बोलत होतो, तर मागून आवाज आला, "जरा हळू बोल. फोन ठेवलास तरी पुण्याला ऐकू जाईल." वळून पाहिलं. बारीक कापलेले पांढरे केस, पायात जँडल्स म्हणजे इथल्या रबरी चपला, आणि खांद्यावरच्या कापडी पिशवीतून डोकावणारी टर्कीची पिसं. तुम्हाला यजमानांचे डोळ्यांत घालायचे थेंब हवे होते. ते घेऊनही तुम्ही हलला नाहीत. मी पुढच्या कुणाच्या तरी गोळ्या मोजत होतो, ते टक लावून बघत राहिलात. मग म्हणालात, "हात चांगला आहे तुझा. घाई नाही. रविवारी सकाळी सातला घरी ये." मला वाटलं जेवायला बोलावताय. सकाळी सातला जेवायला कोण बोलावतं, हा प्रश्न मला पडायला हवा होता.

तुमच्या डायनिंग टेबलावर बाणांसाठी चोवीस काड्या मांडलेल्या होत्या. पेन्सिलीहून जराशा जाड, बत्तीस इंच लांब, हॉर्नबीच्या एका दुकानातून मागवलेल्या, डग्लस फर नावाच्या लाकडाच्या. "यातल्या सहा काढ," म्हणालात आणि चहा टाकायला गेलात. मला सगळ्या एकसारख्या दिसत होत्या. पुढच्या सहा तासांत तुम्ही मला बघायला शिकवलंत. आधी टेबलाच्या काचेवर काडी लोटायची. सरळ असली तर गुपचूप घरंगळते, वाकडी असली तर टकटक करते. मग खिडकीशी धरून लाकडाच्या रेघा बघायच्या. त्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग जायला हव्यात. एखादी मध्येच कडेला बाहेर पडली, तर बाण सोडताना काडी तिथंच फाटते आणि तिची चीर आपल्याच डाव्या हातात घुसते. हे सांगताना तुम्ही अंगठ्याखालचा व्रण दाखवलात, ब्लाऊजपीस दाखवावा इतक्या सहज.

मग आला डाळीचा डबा. दोन खिळे, मधलं अंतर सव्वीस इंच, त्यावर काडी आडवी ठेवायची आणि मधोमध दोन पाउंड वजन लटकवायचं. काडी किती वाकते त्यावरून ती मऊ की ताठ ते कळतं. तुमचं दोन पाउंडाचं वजन म्हणजे पत्र्याचा जुना मसाल्याचा डबा आणि त्यात डब्यासकट नऊशे सात ग्रॅम भरेल एवढी मुगाची डाळ. "या डाळीची खिचडी व्हायची मी नऊ वर्षं वाट बघतोय," भाऊजी पेपरमागून म्हणाले. तेवढ्यात मला कळलं की हे तुमचे यजमान, निवृत्त मृदाशास्त्रज्ञ, शुद्ध शाकाहारी आणि या घरातले एकमेव तक्रारदार. शेवटी तराजू निघाला. तुम्ही वजन ग्रेनमध्ये करत होतात. औषधांचं हे जुनं माप मी फक्त कॉलेजच्या पुस्तकात वाचलं होतं. एका ग्रॅममध्ये साधारण पंधरा ग्रेन बसतात आणि तुम्हाला सहा काड्यांत दहा ग्रेनचाही फरक चालत नव्हता. दुपारी एकला सहा काड्या निघाल्या. मग हरणाचं सुकं आणि भाकरी. मसाला सँडरिंगहॅमच्या भारतीय दुकानांतला, ऑकलंडला कुणी निघालं की तुम्ही त्याच्या हातात यादी कोंबायचात. मी घरी येऊन बायकोला सांगितलं, एका बाईंनी मला दिवसभर काड्या निवडायला लावल्या आणि मला पुढच्या रविवारीही जायचंय.

धनुष्याचं वेड तुम्हाला कुठून लागलं, ते पुढे कळलं. अॅशहर्स्टपलीकडचा शेतकरी केन खुब्याच्या ऑपरेशनला आला होता आणि भूल उतरताना एकसारखा बाणांबद्दल बरळत होता. बाकीच्या नर्सेस हसल्या. तुम्ही दुसऱ्या दिवशी त्याच्या खाटेशी जाऊन विचारलंत, काल ते बाण वाकतात म्हणत होतास, ते खरं का? वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी तुम्ही त्याच्या शेतावर पहिल्यांदा धनुष्य हातात घेतलंत. साधं, लाकडाचं, आजकालच्या धनुष्यांसारखी ना त्याला चाकं ना दुर्बीण.

आणि बाण खरंच वाकतात. ते तुम्ही मला फोनवर दाखवलंत तो दिवस मी विसरणार नाही. मी वाद घालत होतो की बाण सरळ पुढे कसा जाईल, वाटेत धनुष्याचं लाकूडच आडवं आहे. तुम्ही केनला बाण सोडायला सांगितलंत, संथ गतीनं व्हिडिओ घेतलात आणि फोन माझ्या हातात दिलात. दोरी सुटली तसा बाण कमरेत वाकला, धनुष्याला अंग चोरून वळसा घातला, पलीकडे जाऊन उलटा वाकला, परत इकडे, परत तिकडे, आणि मग हळूहळू निवळत सरळ झाला. एवढं सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत. मी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघत राहिलो, गवतात बसून. तुम्ही मला थांबवलं नाहीत. "मला पहिल्यांदा बघून रडू आलं होतं," एवढंच म्हणालात. तुम्हाला रडू येतं हीच मला बातमी होती.

त्या वाकण्यासाठीच तो सगळा खटाटोप होता. काडी फार ताठ असली तर तिला वळसा घालता येत नाही, फार मऊ असली तर ती फेकल्यासारखी दुसऱ्या बाजूला जाते. ते ओळखायला तुम्ही प्रत्येक संचाबरोबर एक जादा काडी बिनपिसांची ठेवायचात. पिसांचा बाण आणि बिनपिसांचा बाण, दोन्ही अठरा पावलांवरून सोडायचे आणि जवळजवळ बसतात का बघायचं. आपण उजव्या हातानं ओढणारे. आपला उघडा बाण उजवीकडे गेला तर काडी मऊ, मग ती पाव इंच कापायची. डावीकडे गेला तर काडी ताठ, मग पुढचं टोक जड करायचं. "पिसं चुका सावरून घेतात," तुम्ही सांगितलं होतंत. "वाकडा सुटलेला बाण पिसं हवेत ओढून सरळ करतात आणि आपल्याला वाटतं, वा, काय हात आहे आपला! म्हणून उघडा सोडून बघायचा. तो तोंडावर सांगतो."

मी चांगला विद्यार्थी नव्हतो. पिसं एकाच बाजूच्या पंखाची हवीत हे तुम्ही चारदा सांगूनही मी दोन डाव्या पंखाची आणि एक उजव्या पंखाचं लावलं आणि मोठ्या अभिमानानं तो बाण केनसमोर सोडला. तो गेला कुठे ते कुणालाच धड दिसलं नाही, मेंढ्या मात्र पळाल्या. "हीप्स ऑफ पर्सनॅलिटी इन दॅट वन," केन म्हणाला, आणि तुम्ही डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलात.

आपलं खरं भांडण बाण निवडायच्या तक्त्यावरून होतं. ते अजून मिटलेलं नाही आणि तुम्ही गेलात म्हणून मी माघार घेणार नाही. माझं म्हणणं, धनुष्याची ओढ, काडीची लांबी, टोकाचं वजन, सगळे आकडे भरले की कुठला बाण हवा ते कळतंच. तुमचं म्हणणं, "तक्ता धनुष्य ओढत नाही, तू ओढतोस. तू आज कसा उभा आहेस, रात्री किती झोपलास, हे त्याला काय माहीत?" मी गुपचूप तक्त्याप्रमाणे कार्बनचे बाण मागवले आणि पहिल्याच दिवशी सहाच्या सहा वीतभर जागेत बसले. मी तुमच्याकडे असं पाहिलं जणू बोर्डात आलो. तुम्ही शांतपणे म्हणालात, "छान. आता चिखलात गुडघे टेकून, बोटं गारठल्यावर सोड." दोन चुकले. मी म्हटलं, यात बाणाचा काय दोष? तुम्ही म्हणालात, "मी बाणाला कुठे दोष देतेय? बाण फक्त बघतो तुझ्याकडे." हे वाक्य तेव्हा मला नुसतं आगाऊ वाटलं होतं.

आता जानेवारीचं सांगतो.

शेवटचा रविवार होता. आपल्याकडचा वारा सुटायच्या आत, सकाळी सहालाच आपण केनच्या पॅडकमध्ये होतो. तुमच्या नव्या संचाचे बाण नोव्हेंबरमध्ये अगदी जुळले होते. उघडी काडी आणि पिसांचे बाण एकमेकांना खेटून बसायचे. त्या दिवशी उघडी काडी डावीकडे गेली, चांगली वीतभर. तुम्ही परत सोडली. परत डावीकडे. "उन्हाळ्यानं लाकूड वाळलंय," तुम्ही म्हणालात. "ताठ झाल्यात काड्या. संच टाकून द्यावा लागणार बघ."

मी तुमच्या उजवीकडे उभा होतो. तुम्ही दोरी ओढलीत की तर्जनी नेहमी ओठांच्या कोपऱ्याला टेकायची. सहा वर्षांत मी ती कधी दुसरीकडे पाहिली नव्हती. त्या दिवशी ती तिथवर पोचत नव्हती. प्रत्येक वेळी दीड इंच अलीकडे थांबत होती आणि तिथूनच बाण सुटत होता. तुम्हाला ते कळत नव्हतं. ओढणाऱ्याला ते आतून कळत नाही, ओढ पूर्ण आली असंच वाटतं. मला मात्र स्वच्छ दिसलं आणि मी म्हणालो, "टाकून नका देऊ. मी बघतो जरा."

घरी माझीही खिळ्यांची मांडणी होती, तुमच्यासारखीच, फक्त मसुराच्या डाळीची. प्रत्येक काडीवर नोव्हेंबरमधला आकडा तुमच्या अक्षरात पेन्सिलीनं लिहिलेला होता. मी उघडीसकट सातही काड्या मोजल्या. एकही बदललेली नव्हती. लाकूड तसंच होतं; ओढ कमी पडली की जोर कमी पडतो आणि तीच काडी ताठ वागते. फोन तिथंच टेबलावर पडला होता, ताई. तो उचलून एवढंच म्हणायचं होतं की काड्या ठीक आहेत, तुमचा हात कमी येतोय.

त्याच आठवड्यात तुम्ही दुकानात आलात, खांद्याला लावायचं जेल घ्यायला, तिसऱ्यांदा. "अतिवापर, दुसरं काय," म्हणालात. मी दिवसातून वीस लोकांना एक वाक्य म्हणतो: तीन आठवड्यांत उतार पडला नाही तर जीपी डॉक्टरांना दाखवा. माझ्या तोंडात ते इतकं बसलंय की बायको जेवताना चिडवते. ते वाक्य मी तुम्हाला म्हटलं नाही. चाळीस वर्षं थिएटरमध्ये काढलेल्या बाईला मी काय सांगणार होतो? ज्यांच्या एका नजरेनं सर्जन सुद्धा परत हात धुवायला जायचे म्हणतात, त्यांना काउंटरमागून सल्ला द्यायचा? मी जेल पिशवीत घालून दिलं आणि म्हटलं, "बाण होतायत हं ताई."

आणि केले. टोकं तापवून डिंक वितळवला, पकडीनं ओढून काढली. तीन सरावाची टोकं, तीन शिकारीची पाती आणि उघड्या काडीचं एक. सगळी सव्वाशे ग्रेनची होती, त्यांच्या जागी एकशे साठची बसवली. त्याच घडणीची, जराशी जाड. पस्तीस ग्रेन म्हणजे दोन-सव्वादोन ग्रॅम, चिमूटभर मीठ. पण टोक जड झालं की काडी मऊ वागते आणि तुमच्या कमी झालेल्या ओढीला ती आता बरोबर वाकणार होती. हिशेब मी तक्त्यावरून केला. तक्ता बरोबर ठरला, हे सांगताना आज लाज वाटते.

मला खात्री होती की तुम्ही पकडणार. बाहेरून आलेला बाण तराजूवर चढल्याशिवाय तुमच्या भात्यात जात नसे, केनचा सुद्धा. मी आठवडाभर तुमच्या फोनची वाट पाहिली. खरं सांगायचं तर आशाच करत होतो. तुम्ही ओरडला असतात, मी मग सगळं सांगितलं असतं आणि विषय तुम्हीच काढल्यामुळे मला धीर आला असता. फोन आला नाही. रविवारी बाण सोडलेत, उघडा बाण पिसांच्या बाणांना खेटून बसला आणि तुम्ही माझ्या पाठीवर थाप मारलीत. "शिकलास की रे," म्हणालात.

एप्रिलची ती सकाळ. केनच्या डोंगराच्या मागच्या अंगाला, मानुकाच्या झुडपात आपण पहाटेपासून बसलो होतो. याआधीच्या खेपांना तुम्ही किती वेळा बाण न सोडता परत आला होतात! वारा जरा फिरला, जनावर जरा तिरकं उभं राहिलं, की तुम्ही दोरी सैल करायचात आणि त्याबद्दल कधी हळहळला नाहीत. त्या दिवशी फॅलो जातीच्या हरणाचा एक तरुण नर खालून चरत आला. तीस पावलं, वीस, चौदा. मला माझं हृदय कानात ऐकू येत होतं. तुम्ही उठलात कधी, ओढलंत कधी, मला कळलंच नाही. त्यानं आपल्या बाजूचा पुढचा पाय पुढे टाकला आणि त्याच क्षणी बाण गेला. आवाज झाला तो पानावर पाऊस पडावा एवढाच. त्यानं मान वर करून इकडे पाहिलं, जणू कुणी हाक मारली, वीसेक पावलं चालला आणि गवतात बसला. मग आडवा झाला.

तुम्ही बराच वेळ जागच्या हलला नाहीत. मग जाऊन त्याच्या मानेवर तळहात ठेवलात. मंत्र नाही, नमस्कार नाही. ऑपरेशननंतर पेशंटच्या कपाळावर ठेवत असाल तसा हात. खालच्या दरीतून धुकं वर येत होतं, डोंगरावरच्या पवनचक्क्या अर्ध्या दिसत होत्या, आणि मी तुमच्याकडे बघत होतो. इतकं अचूक, इतकं शांत आणि इतकं नम्र असं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही पाहिलेलं नाही. तुम्ही वळून म्हणालात, "बाण जुळले ना अवि, की आपण काही करावंच लागत नाही."

 कमी ओढीचा बाण आत शिरला नसता तर ते जनावर दोन दिवस डोंगरात तडफडत फिरलं असतं. तुम्ही आयुष्यभर ज्या एका गोष्टीला भ्यालात, ती मी तुमच्या नकळत तुमच्या हातून घडवली असती. परतताना तुम्ही तुमच्या वाटणीची मागची तंगडी मला उचलायला दिलीत. सहा वर्षांत पहिल्यांदा. मी दोन्ही घेतल्या आणि तेव्हाही गप्प राहिलो.

जूनमध्ये तुमच्या हातून कप पडला. मग उजवी पापणी उतरली. ती पाहून तुम्ही स्वतःच स्कॅनला गेलात, कुणालाही न विचारता. फुप्फुसाच्या वरच्या टोकाला गाठ, हाताकडे जाणाऱ्या नसांवर रेललेली. तुम्ही डॉक्टरांना विचारलंत, चार-पाच महिने आधी आले असते तर? ते म्हणाले, सांगता येत नाही, कदाचित. संध्याकाळी तुम्ही मला फोन केलात. आवाज अगदी रोजचा. "मूर्ख मी. खांदा दुखतोय तर म्हातारपण समजत बसले. पण मला कळलं कसं नाही रे? माझे बाण तर सरळ जात होते."

ताई, मी फोनवर 'हो' म्हणालो.

त्यानंतर मी दर दोन दिवसांनी येत होतो. तुमचं औषधांचं वेळापत्रक केलं, डबे भरले, भाऊजींना मॉर्फिनचे डोस समजावले. सगळ्यांनी माझं कौतुक केलं. तुम्ही अंथरुणातून मला काड्या निवडायला लावायचात, डोळे मिटून टेबलावरचा आवाज ऐकायचात आणि "ही नको" म्हणायचात, आणि दर वेळी ती खरंच वाकडी निघायची. असल्या खोलीत ती गोष्ट काढायला जागाच नव्हती, असं मी स्वतःला सांगायचो. जागा भरपूर होती.

काल भाऊजींकडे गेलो. ठरवून गेलो होतो की निदान त्यांना सांगायचं. ते गॅरेजमध्ये तुमच्या वस्तू पुसत बसले होते. मी तोंड उघडायच्या आत तेच बोलायला लागले. "तुला एक सांगतो, अवि. तिनं कुणाचा बाण कधी न तोलता घेतला नाही. फेब्रुवारीत तू आणून दिलेस ना, तेव्हा मी तराजू काढून ठेवला होता तिच्यासाठी. म्हणाली, आत ठेवा तो. अविनं बघितलेत, आता परत काय तोलायचे. मला म्हटलं तर जरा हेवाच वाटला तुझा."

मग मी सगळं सांगितलं. दीड इंच, जेल, पस्तीस ग्रेन, फोन. उभ्या उभ्या सांगितलं. ते पुसायचं फडकं हातात धरून ऐकत होते. रागावतील असं वाटलं, रागावले असते तर बरं झालं असतं.

"कुकरचं झाकण ती मला लावायला सांगायला लागली होती," ते म्हणाले. "नाताळाच्या आधीपासून. मी म्हटलं, अगं एकदा दाखवून ये. म्हणजे, मनात म्हटलं. मागे एकदा नुसतं 'वयाप्रमाणे घे' म्हटलं होतं, तर दोन दिवस बोलली नव्हती." मग फडक्याची घडी घालत म्हणाले, "तिला कोण सांगणार होतं रे?"

रात्रभर हाच प्रश्न डोक्यात होता. तुमच्यावर जीव असलेली दोन माणसं तुमच्या दोन बाजूंना उभी होती, दोघांना दिसत होतं आणि दोघंही गप्प. भीतीनं नाही. आम्ही तुमच्यापुढे दिपून गेलो होतो. तुमचा हात थकू शकतो, हे तुम्हाला सांगायची आपली पायरी नाही असं आम्हाला वाटलं. मी अजूनही दिपलेलाच आहे, त्यातून सुटका नाही आणि मला ती नकोही आहे. पण ज्या माणसानं मला आयुष्यात सगळ्यात जास्त बघायला शिकवलं, त्याच माणसाला मी जे पाहिलं ते सांगितलं नाही. तुम्ही न तोलता घेतलेत, कारण तुम्हाला वाटलं मी असं काही दिसलं तर सांगेन.

तेव्हा आज सांगतो. उशीर झालाय, माहीत आहे. त्या जानेवारीतल्या रविवारी, वारा सुटायच्या आत, काड्या वाळल्यात म्हणून तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, तेव्हा मी म्हणायला हवं होतं ते हे:

ताई, काड्या ठीक आहेत. तुमचा हात दीड इंच कमी येतोय. धनुष्य खाली ठेवा आणि उद्या सकाळी आधी डॉक्टरांना दाखवा. मी गाडी घेऊन येतो. चिडलात तरी चालेल.